गॅसला स्वतःचा वास नसतो

"आम्हाला तो बिनवासाचा गॅस मिळेल का हो?" असं सांगलीतल्या एका बाईंनी मला विचारलं, तेव्हा गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून लागून मला दोनच वर्षं झाली होती. हळदीच्या व्यापाऱ्याचं घर. बाईंचं म्हणणं असं की देवघर स्वयंपाकघरातच आहे, टाकी बदलताना येणारा तो कुजकट वास देवांपर्यंत जातो. मोठ्या हॉटेलांसाठी चांगल्या प्रतीचा, बिनवासाचा गॅस येत असणार, तसाच त्यांना हवा होता.

मी सांगितलं, बाई, गॅसला वास नसतोच. तो वास वरून घातलेला असतो.

त्यांना ते पटेना. आधी मला वाटलं, आपलं सांगणं चुकतंय. मग लक्षात आलं की त्यांना धक्का बसलाय. एवढी घाण कुणी मुद्दाम कशाला कालवेल? मी त्यांना प्रशिक्षणात ऐकलेलं सांगितलं. पूर्वी परदेशात कुठंतरी बिनवासाचा गॅस साठून मोठा स्फोट झाला, माणसं गेली, कुणाला काही कळलंही नाही. तेव्हापासून गॅसमध्ये एक औषध घालायला लागले. त्याचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. सडका कोबी आणि लसूण एकत्र केल्यासारखा त्याचा वास. इतकं थोडं लागतं की सगळ्या टाकीला थेंब-दोन थेंब पुरावेत. तो वास म्हणजे गॅसनं मारलेली हाक आहे, असं मी म्हणालो. मग बाईंनी देवघरच बाहेरच्या खोलीत हलवलं.

लोक आम्हाला गॅसवाले म्हणतात. टाक्या आणून देणारा वेगळा आणि मी वेगळा. "वास येतोय" अशी तक्रार आली की जायचं ते मी. कारण बहुतेक वेळा एकच निघतं. टाकीच्या तोंडात, जिथं रेग्युलेटर बसतो तिथं, आत एक काळी रबरी चकती असते, करंगळीच्या नखाएवढी. आम्ही तिला वायसर म्हणतो. ती चिरली किंवा बसलीच नसली तर रेग्युलेटरचं बटण चालू असेपर्यंत गॅस बाजूनं बाहेर येत राहतो. गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळं तो वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. रेग्युलेटर, नळी, शेगडी यांचं सगळे कौतुक करतात. आत बसलेला वायसर आणि गॅसमधला वास या दोन गोष्टींवर घरंच्या घरं उभी आहेत, हे कुणाच्या मनातही येत नाही.

गळती शोधायची रीत सोपी आहे. वाटीत साबणाचं पाणी करायचं, जोडाला लावायचं. फुगे आले तर गळती. काडी ओढून बघायचं नाही. हे मी बचत गटांच्या बैठकांतून शेकडो बायकांना शिकवलं. माझ्या पिशवीत साबणाच्या पाण्याची बाटली कायम असायची.

पण खरं सांगतो, ती बाटली मी क्वचितच काढायचो. मला नाक होतं. उंबऱ्यात पाय ठेवला की मला कळायचं, गळती आहे का नाही, आणि असली तर टाकीपाशी का शेगडीपाशी. एका घरात सगळे गॅस गॅस म्हणून बाहेर अंगणात उभे होते, मी आत गेलो आणि कपाटामागचा मेलेला उंदीर काढून दिला. असल्या गोष्टी एजन्सीत पसरतात. मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, नव्या माणसांना सांगायच्या की आपल्या मान्यांचं नाक मशीनपेक्षा पक्कं आहे. मी वरवर हसायचो. आतून मला ते फार आवडायचं.

तोवर सांगलीतली एजन्सी सोडून मी पलूस भागातल्या मॅडमच्या या एजन्सीत आलो होतो, बिऱ्हाडही पलूसला केलं होतं. निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना मला कोरोना झाला. फार काही नाही, ताप, खोकला, आणि तोंडाची चव गेली. पंधरा दिवसांनी बरा झालो. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी विचारलं, वास येतो का. मी घरी डोकेदुखीचा बाम नाकाला लावून बघितला होता, तो चांगला झोंबला होता. म्हणून येतो म्हणालो. झोंबणं वेगळं आणि वास वेगळा, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी कामावर रुजू झालो.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी कुंडलहून तक्रार आली. घरात तिघी. सासूबाई, सून सुनंदा आणि तिची चार वर्षांची मुलगी. नवरा फौजेत, तेव्हा सीमेवर होता. तक्रार सुनंदाची होती. सकाळी खाली बसून ओट्याखाली झाडताना तिला वास येत होता. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना खाली वाकता येत नव्हतं, त्यामुळं त्यांना काही जाणवत नव्हतं.

मी आत गेलो. उंबऱ्यात काही कळलं नाही. ओट्याखाली वाकलो, टाकीच्या तोंडाशी नाक नेलं. काही नाही. मी उठून उभा राहिलो आणि गळती नाही म्हणून सांगितलं. सुनंदा म्हणाली की तिला आताही येतोय. मी मोरीकडं बोट दाखवलं आणि तिथं फिनेल टाकायला सांगितलं. सासूबाईंना हायसं वाटलं. गॅसवाला माणूस सांगतोय तर तू का उगीच धरून बसतीस, असं त्या सुनेला म्हणाल्या. मी चहा घेतला, वहीत "गळती नाही" लिहून सही केली आणि निघालो. साबणाची बाटली पिशवीतच होती.

दोन दिवसांनी सुनंदाचा पुन्हा फोन आला. तक्रार नाही, मान्यांना एकदा पाठवा, एवढंच तिनं सांगितलं होतं. मी वैतागूनच गेलो.

घराची सगळी दारं-खिडक्या उघड्या होत्या. गॅसचं बटण बंद होतं. परसात तीन दगड मांडून चूल केलेली दिसली. सुनंदानं वाटीत साबणाचा फेस करून ठेवला होता आणि हातात नवऱ्याचा दाढीचा जुना ब्रश होता. मुलीला तिनं बाहेर आजीजवळ पाठवलं. मग बटण चालू केलं आणि रेग्युलेटरच्या बुडाशी फेस लावला.

फुगा आला. वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. मग तिसरा.

मी गुडघ्यावर बसलो. तोंड इतकं जवळ नेलं की फुटलेल्या फुग्याचा शिंतोडा माझ्या मिशीवर आला. मी जोरात श्वास ओढला. काहीच नव्हतं. मोकळ्या माळावर श्वास घ्यावा तसं. चार बोटांवर गॅस बाहेर पडत होता, डोळ्यांना दिसत होता, आणि माझ्या नाकाला त्याचा पत्ता नव्हता. कुणीतरी आपल्या नकळत आपल्या घरातलं माणूस नेलंय आणि आपण इतके दिवस त्याच्यासाठी ताट वाढत होतो, असं काहीसं वाटलं.

सुनंदानंच बटण बंद केलं. ते मी करायला हवं होतं.

वायसर काढला. तो दोन जागी चिरलेला होता. नवीन बसवताना तो माझ्या हातून दोनदा खाली पडला. पुन्हा फेस लावला, पाच मिनिटं बघत बसलो. फुगा आला नाही. तेव्हा ती म्हणाली,

"काका, तुमाला वास येतच न्हाई व्हय?"

मी सर्दी झालीय म्हणालो. नोकरीतलं ते माझं सगळ्यात मोठं खोटं. तिनं ते ऐकून घेतलं. फुगे बघायला तुमीच आमच्या बचत गटात शिकवलं हुतं, एवढंच ती म्हणाली, आणि मग तिनं एक गोष्ट मागितली. सासूबाईंना तेवढं सांगा. दोन दिवस चुलीवर स्वयंपाक केला म्हणून त्या बोलत होत्या.

मी बाहेर जाऊन सासूबाईंना सांगितलं की गळती होती, सुनेचं बरोबर होतं, माझं चुकलं. सासूबाई रोज संध्याकाळी त्याच खोलीत देवापुढं दिवा लावत. दोन दिवस बटण बंद होतं म्हणून काही झालं नाही. त्यांनी ते सगळं मनात जुळवलं असावं, कारण त्या एकदम खाली ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि नातीला मांडीवर ओढून घेतलं.

घरी आलो ते सरळ स्वयंपाकघरात. हिंगाची डबी उघडली. लसूण ठेचून नाकाशी धरला. कापूर, रॉकेलचा जुना बोळा, मोहरीचं तेल. कापूर गार लागला, बाकी सगळं पाण्यासारखं. बायको मंगल दारात उभी राहून बघत होती. तिनं काय चाललंय असं विचारलं नाही. ते माझ्या लक्षात आलं आणि मी थांबलो.

तिला ठाऊक होतं. माझ्या शेजारी दूध उतू जाऊन करपलं तरी मी पेपर वाचत बसलो होतो, तेव्हाच तिला कळलं होतं. पुढं उंब्रजला माझ्या बहिणीकडं करपलेल्या करंज्या मी मिटक्या मारत खाल्ल्या, तेव्हा तिची खात्री झाली. मला फार राग आला. तीन महिने गप्प का बसलीस, असं मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली की तुम्हाला त्या नाकाचा किती अभिमान आहे ते बघितलंय, म्हणून जीभ रेटली नाही. आपसूक येईल परत, असं वाटलं.

मी म्हणालो, अगं, पण मी त्या नाकानं लोकांची घरं तपासत होतो.

तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"मला वाटलं, तुमी साबणच लावताय," ती म्हणाली. "सगळ्या बायकांना तेच सांगत असताय की."

मी हिंगाच्या डबीला झाकण लावलं आणि ती जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की आणखी कुणाला सांगितलंय. मी सुनंदाचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, तुम्ही उद्यापासून घरी बसा, मी दुसऱ्या मेकॅनिकला ती सगळी घरं नेहमीची तपासणी म्हणून फिरायला लावते. कुणाला कशासाठी ते कळायची गरज नाही. त्यांचंही बरोबर होतं. एजन्सीवरचा विश्वास उडाला की तो परत आणता येत नाही.

मी म्हणालो, घरं मीच फिरतो. साबणाला नाक लागत नाही. आणि जिथं मी गळती नाही म्हणून सांगून आलोय, तिथं होती म्हणून सांगायलाही मीच गेलं पाहिजे. मॅडम उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तक्रारवही होती. एवढंच म्हणाल्या, "सांगायचं तर सगळं सांगा, अर्धं नको."

वहीत माझ्या आजारपणानंतरची तीसच्या वर घरं निघाली. प्रत्येकापुढं माझ्या अक्षरात "गळती नाही" आणि झोकदार सही. आठ दिवस मी मोटारसायकलवर तेवढंच केलं. दारात उभं राहायचं, सांगायचं की गेल्या खेपेला मी नुसत्या वासावर तपासलं होतं आणि आता कळलंय की मला वास येत नाही. मग साबण काढायचा. कुणी चहा दिला. एका शिक्षकांनी मला ओट्यापर्यंत येऊच दिलं नाही, वाटी हातातून घेतली आणि स्वतः फेस लावला. एका घरातल्या बाईंनी ऐकल्यावर आधी धाकट्याला उचलून घेतलं आणि मग माझ्याशी बोलल्या. बहुतेक घरांत काही निघालं नाही. एका ठिकाणी नळीला चीर होती, ती बदलली. वहीतली नावं खोडत चाललो तसा माझा जीव भांड्यात पडू लागला.

शेवटचं नाव एका वाडीवरचं होतं. दोघं नवरा-बायको, मुलं पुण्याला. म्हातारबा जन्मभर ट्रक चालवलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी गेलो तेव्हा स्वयंपाकघराची जमिनीलगतची खिडकी सताड उघडी होती आणि तिच्या गजाला सुतळी बांधून ती मिटू नये अशी सोय केली होती. मी सांगायचं ते सांगितलं आणि फेस लावला.

फुगे आले. कुंडलपेक्षा मोठे.

बटण बंद केलं. मागच्या दाराची कडी काढली. मग मी अण्णांना विचारलं की मी येऊन गेल्यापासून दोन महिने तुम्हाला वास आला नाही का.

येत होता, म्हणाले. रोज येत होता. म्हणून तर खिडकी बांधून ठेवली होती. मला कळेना. मग एजन्सीला फोन का केला नाही, असं मी विचारलं. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की हे काय विचारणं झालं.

"आवं, तुमी सोता बघून न्हाई म्हणून गेलासा की," ते म्हणाले. "तवा म्हणलं, आपल्याच नाकाला भास होतोय. म्हातारपण हाय."

आणि ते उठले. कोनाड्यातून एक छोटी बाटली आणून त्यांनी माझ्या हातात दिली. नाकात घालायचे थेंब. सांगलीला जाऊन त्यांनी नाकाच्या डॉक्टरला दाखवलं होतं. नसलेला वास येतो, अशी तक्रार सांगितली होती. सकाळी दोन, संध्याकाळी दोन थेंब चालू होते. तरी फरक पडंना म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार होते.

मी ती बाटली हातात धरून त्या ओट्याखाली बसून राहिलो. आधीच्या घरांत मी राहून गेलेली गळती शोधायला गेलो होतो, माझं नाक गेलं एवढंच मला वाटत होतं. इथं एका माणसाचं नाक शाबूत होतं, दोन महिने ते बिचारं रोज खरं सांगत होतं, आणि मी एका शब्दानं ते खोटं पाडलं होतं. दोन महिने दोघं त्या गॅसमध्ये राहिली. वाचली ती त्या सुतळीनं.

"अण्णा," मी म्हणालो, "थेंब बंद करा. नाक तुमचं चांगलं हाय. गेलंय ते माझं."

त्यांच्या बायकोनं आतल्या खोलीतून येऊन बाटली माझ्या हातातून घेतली आणि पुसून परत कोनाड्यात ठेवली, जणू परक्याचा हात लागलेली वस्तू.

मी नवीन वायसर बसवला. बटण चालू केलं. अण्णा हळूच खाली वाकले, टाकीशी नाक नेलं, दोनदा ओढून बघितलं. आता न्हाई येत, म्हणाले. मग लगेच माझ्याकडं वळून म्हणाले, "पर तुमी एकदा बघा की. मला काय कळतंय."

मी वाटी आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. ते घ्यायला बिचकत होते. मी दारात जाऊन बसलो. अण्णांनी फेस लावला आणि दोघं नवरा-बायको त्या टाकीसमोर मांडी घालून बसली, डोळे बारीक करून. बराच वेळ झाला. मला निघायचं होतं, पण मी उठलो नाही. ती दोघं स्वतःच्या तोंडानं काय ते सांगतील तोवर थांबायचं, असं मी ठरवलं होतं.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "न्हाई. एक बी फुगा न्हाई."

मी वही उघडली आणि ती म्हणाली तेच लिहिलं. खाली सही तिची घेतली.